मुलगी चार वर्षं कराटे शिकतेय, पण रस्त्यावर हातपाय हललेच नाहीत. क्लास बदलू का?

दांडियाबाजारची आई

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. मुलगी 16 वर्षांची आहे, बाराव्या वर्षापासून कराटे करते, आता ब्राऊन बेल्ट आहे आणि जिल्ह्याच्या स्पर्धेत दोनदा मेडल आणलंय. गेल्या आठवड्यात रात्री साडेआठला ट्यूशनहून सायकलवर आली, गल्लीच्या तोंडाशी उतरून सायकल आत ढकलत होती तेवढ्यात एक माणूस मागून आला, त्याने तिचं उजवं मनगट धरलं आणि हळू आवाजात "मोबाईल आप" म्हणाला. तिने दिला. तो गेला. तिला लागलं वगैरे काही नाही पण ती घरी आली ती सरळ बाथरूममध्ये जाऊन अर्धा तास बाहेरच आली नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, आई, चार वर्षांत क्लासमध्ये माझं मनगट एकदाही कुणी धरलेलं नाही गं, आमच्यात धरतच नाहीत, आणि मला ओरडायचं होतं पण आवाजच फुटला नाही. हे ऐकल्यापासून मला झोप नाही.

हे म्हणतात कराटे बंद कर, ते नुसतं पॉइंटचं खेळणं आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दहा दिवसांच्या सेल्फ डिफेन्स शिबिराचा मेसेज आलाय, तिथे घाल. जाऊबाई म्हणतात क्राव मगा, ती इस्रायलची स्वसंरक्षणाची पद्धत. मुलगी तर क्लासला जायलाच तयार नाही, म्हणते मी मेडल परत देते. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, खेळासाठी शिकलेलं रस्त्यावर कामाला येतं का नाही? आणि आता मी काय करू?

कारेलीबागकर

ताई, आधी तिला हे सांगा की तू मोबाईल दिलास ते शंभर टक्के बरोबर केलंस. मी 11 वर्षं कराटे खेळलो, राज्यापर्यंत गेलो, आणि माझ्यासमोर कुणी असा आला तर मीही मोबाईलच देईन. त्याच्या खिशात काय आहे ते आपल्याला माहीत नसतं.

आता कराट्याचं. तिचं म्हणणं खरं आहे. स्पर्धेच्या कुमितेत (म्हणजे दोघांच्या लढतीत) ठोसा लागला की एक पॉइंट, पोटाला किक बसली तर दोन, डोक्याला किक किंवा पाडून मारलं तर तीन, आणि प्रत्येक वेळी रेफरी "यामे" म्हणतो की दोघं थांबतात, परत आपापल्या जागी. वर्षानुवर्षं हे केलं की शरीराला सवय लागते, मारलं की मागे सरक आणि थांब. शिवाय जोर आवरून मारायचा. टोकियो ऑलिंपिकची (2021 मध्ये झाली ती) 75 किलोच्या वरची फायनल बघा, सौदीचा हमेदी 4-1 ने पुढे होता, त्याची किक इराणच्या गंजजादेला अशी लागली की तो बेशुद्ध पडला, स्ट्रेचरवरून नेला, आणि गोल्ड मिळालं त्या बेशुद्ध पडलेल्याला कारण हमेदीने जोर आवरला नाही म्हणून तो बाद. खेळ म्हणून नियम बरोबरच आहे, लोकांचे जीव सांभाळायलाच हवेत. पण ज्या मुलीला चार वर्षं जोर आवर म्हणून शिकवलं, तिच्याकडून एका सेकंदात उलटं कसं होणार? तिचा दोष नाही. तिला जे शिकवलं ते तिला उत्तम येतं, ब्राऊन बेल्ट उगीच मिळत नाही.

फुलकॉन्टॅक्ट

स्पष्ट सांगतो, कराटे बंद करा. पॉइंटवाल्या सगळ्या खेळांनी मुलींना खोटा धीर दिलाय आणि तो न शिकण्यापेक्षा वाईट. क्राव मगाच घाला, ते रस्त्यासाठीच निघालं, डोळे, घसा, जांघ, जिथे लागेल तिथे मारा आणि पळा. इमी लिख्टेनफेल्डने 1930 च्या दशकात ब्रातिस्लाव्हाच्या रस्त्यांवर आपल्या ज्यू वस्तीचं रक्षण करताना बघितलं की खेळातलं तिथे चालत नाही, म्हणून त्याने वेगळी पद्धत काढली. याहून जास्त काय पुरावा पाहिजे?

ज्यूडोवाली

फुलकॉन्टॅक्ट, गोष्ट बरोबर आहे पण अर्धी सांगितलीत. इमी स्वतः कुस्ती आणि बॉक्सिंगमधला चॅम्पियन होता. रस्त्यावर उतरला तेव्हा अंगात आधीच कित्येक वर्षांची खरी झटापट मुरलेली होती, त्यातलं काय टाकायचं काय ठेवायचं हे त्याला म्हणून कळलं. दहा दिवसांच्या शिबिरातल्या मुलीकडे ते नसतं. डोळ्यात बोटं घाल म्हणून सांगणं सोपं आहे पण त्याचा सराव कुणावर करणार? हवेतच ना? मग चार वर्षं हवेत पंच मारले त्यात आणि यात फरक काय राहिला?

मी 14 वर्षं ज्यूडो केलंय, आता फतेगंजला मुलींना शिकवते, त्यामुळे यावर जरा लांब लिहिणार आहे. ज्यूडो काढलं जिगोरो कानोंनी, 1882 मध्ये कोदोकान ही शाळा सुरू केली. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेत हाडं मोडायचे, डोळे फोडायचे डाव होते, कानोंनी ते रोजच्या झटापटीतून काढून कातामध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या हालचालींच्या सरावात, ठेवले आणि उरलेल्या डावांचा सराव पूर्ण जोराने, समोरचा खरंच विरोध करत असताना सुरू केला, त्याला रांदोरी म्हणतात. म्हणजे डाव कमी घातक झाले आणि माणसं जास्त तयार झाली, कारण रोज कुणीतरी खरंच ओढतंय, ढकलतंय, पाडतंय. म्हणून ताई, क्लास खेळाचा का रस्त्याचा हे विचारूच नका, तिथे जाऊन एक तास बसा आणि एवढंच बघा की समोरचा मुलगा किंवा मुलगी खरंच विरोध करते का. हात धरला तर घट्ट धरते का, का शिकणारीने वळवला की आपणच सोडून देते. शिबिरांमध्ये हे दुसरंच होतं, सर हात धरतात, मुलगी वळवते, सर सोडतात, टाळ्या. मुलीला वाटतं आलं.

मनगटाचं सांगते, आज घरीच करून बघा. धरणाऱ्याच्या मुठीत सगळ्यात कच्ची जागा म्हणजे जिथे अंगठा आणि बोटं भेटतात ती. आपलं मनगट असं फिरवायचं की हाताची बारीक कड त्या फटीसमोर येईल, आणि मग एकट्या हाताने नाही, कोपर त्याच्याकडे नेत, कमरेसकट सगळं अंग वळवून त्या फटीतून बाहेर. हात नुसता मागे ओढला तर तो चार बोटांविरुद्ध ओढला जातो, सुटत नाही. आणि ताकदवान माणसाने घट्ट धरलं तर बरोबर केलं तरी पहिल्या झटक्यात सुटेलच असं नाही, म्हणून त्याच वेळी ओरडणं आणि नडगीवर लाथ. तिच्या कराट्याच्या लाथेचा उपयोग इथे आहे, ती फुकट गेलेली नाही. उंच नको, गुडघ्याच्या खालीच. डोक्याला किक मारायला गेली आणि गल्लीत वाळूवरून पाय घसरला तर खाली तीच.

आणि आवाज न फुटणं. घाबरल्यावर शरीर दगडासारखं होणं हे भित्रेपण नाही, सशापासून माणसापर्यंत सगळ्यांना होतं, ठरवून होत नाही. माझ्या मुलींना मी आठवड्यातून एकदा साध्या कपड्यात बोलावते, ओढणी, दप्तर, चप्पल सगळं घालून, मागून न सांगता धरते आणि पहिलं काम आवाज. पहिल्या दिवशी दहातल्या आठ-नऊ मुलींच्या तोंडून शब्द निघत नाही, नुसतं हसतात. तीन-चार आठवड्यांनी छत दणाणतं. हे एकाच दिवशी शिकवून संपत नाही, म्हणून दहा दिवसांवर माझा विश्वास नाही.

फुलकॉन्टॅक्ट

ज्यूडोवाली, विरोधाचं पटलं. मी ज्या क्लासला जातो तिथे पॅड घालून खरंच मारतात म्हणून मला ते गृहीतच वाटलं, सगळीकडे तसं नसतं हे खरं आहे. पण रस्त्यावर खाली पडून पकडापकडी करू नये हे तरी मान्य करा.

ज्यूडोवाली

पूर्ण मान्य. खाली डांबर असतं, आणि त्याचा दुसरा साथीदार कुठे उभा आहे ते दिसत नाही. खाली पडलो तर उठायचं कसं तेवढंच शिकवते.

तालमीतला म्हातारा

मुली, मी 72 वर्षांचा आहे, नवापुऱ्यात राहतो. माझे वडील प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, मी लहानपणापासून लाठी, मल्लखांब, कुस्ती केली. तुझ्या प्रश्नावरून आपल्या बडोद्याचीच गोष्ट आठवली. खंडेराव महाराजांच्या काळात इथे वज्रमुष्टीच्या कुस्त्या व्हायच्या, मुठीत शिंगाचं अणकुचीदार हत्यार घेऊन. लुई रुसेले नावाचा फ्रेंच प्रवासी तेव्हा आला होता, त्याने ते रक्तबंबाळ प्रकार बघून लिहून ठेवलंय. त्याहून खरी मारामारी कुठली असणार? पण तिथेसुद्धा दोघांना माहीत असायचं की आज आपली कुस्ती आहे. समोर महाराज बसलेले, आखाडा आखलेला. तुझ्या लेकीला तर सुरू झालंय हेच कळलं नाही, कळलं तोवर संपलं होतं. सगळा फरक मला त्यात दिसतो. म्हणून आम्हाला वस्ताद डावाच्या आधी नजर शिकवायचे. गल्लीत वळण्याआधी मागे कोण आहे बघ, कुणी चाल वाढवली का, हात कुठे आहेत त्याचे. हात दिसत नसतील तर थांबायचं नाही, उजेडाकडे, दुकानाकडे, हातगाडीकडे चालायचं.

दुसरं, आमच्या भागातला एक बॉक्सिंगचा पोरगा, चांगला तयार, पार्किंगच्या भांडणात एकाला डोक्यावर ठोसा मारला. ग्लोव्ह नव्हते, हाताला पट्टी नव्हती. त्याच्याच करंगळीमागचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. कवटी कठीण असते गं. मारायचंच असेल तर उघड्या तळव्याने मारावं.

आणि तिचं मेडल परत देऊ देऊ नकोस. पळायला दम लागतो, तो दम तिने मेहनतीने कमावलाय.

काळाकोट

वकील आहे म्हणून एवढंच सांगते. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे (आधी आयपीसीत 96 ते 106 होता, 1 जुलै 2024 पासून बदललं). लागेल तेवढाच बळाचा वापर करता येतो. मनगट सोडवायला नडगीवर लाथ मारली तर तो बचाव, पण माणूस सोडून पळतोय आणि मागे धावून त्याला पाडून तुडवलं तर तो बचाव राहत नाही. फुलकॉन्टॅक्ट यांनी डोळे-घसा म्हटलं, जिवावर किंवा अब्रूवर आलं असेल तर कायदा खूप लांबपर्यंत साथ देतो. ताई, मोबाईलची तक्रार केली नसेल तर करा, सिम बंद करून घ्या. आणि मुलीच्या नव्या फोनमध्ये 112 आणि 181 दोन्ही असू द्या. 181 म्हणजे आपल्या गुजरातची अभयम हेल्पलाइन, चोवीस तास चालते, गरज पडली तर समुपदेशक आणि महिला पोलीस असलेली गाडी पाठवतात.

दांडियाबाजारची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्रार परवाच केली. कारेलीबागकर, तुमचं पहिलं वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा वाच म्हणाली. काकांचं मेडलचं पण वाचलं, ते परत कपाटात ठेवलंय.

शिबिराला नाही म्हटलं. तिच्या कराट्याच्या सरांशी बोलले, ते आधी जरा नाराज झाले पण शनिवारचा एक तास साध्या कपड्यात, धरापकडीचा ठेवायला तयार झाले, आणि ज्यूडोवाली ताई, तुम्हाला मेसेज केलाय, फतेगंजला एक तास बघायला येतो आम्ही दोघी.

काल रात्री जेवण झाल्यावर ह्यांनी हॉलमध्ये तिचं मनगट धरलं, तिनेच सांगितलं घट्ट धरा बाबा. पहिले चार वेळा सुटलं नाही. पाचव्यांदा अंगठ्याकडून सुटलं आणि ती एवढ्या जोरात ओरडली की वरच्या मजल्यावरचे भट्टकाका आणि भाभी अनवाणी धावत खाली आले, "शुं थयुं, शुं थयुं" करत, काकांच्या हातात कपडे वाळवायची काठी. त्यांना सगळं सांगितलं. भाभी बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या मलाही शिकव. रात्री साडेदहापर्यंत दोघी एकमेकींची मनगटं धरत होत्या.