फ्रेड को: श्रेय माणसाचं की परिस्थितीचं?

तिसरीघंटा:
'मार्टी' म्हटलं की सगळे लेखक पॅडी चायेफस्कीचं नाव घेतात, फार तर दिग्दर्शक डेल्बर्ट मानचं. १९५५ चा सिनेमा, चार ऑस्कर वगैरे. पण ते मुळात टीव्हीवरचं नाटक, २४ मे १९५३ ला न्यूयॉर्कहून एनबीसी या अमेरिकन टीव्ही वाहिनीवर लाइव्ह झालेलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला लग्न न जमलेला खाटीक, रॉड स्टायगरने केलेला. आणि हे ज्याच्या कार्यक्रमात झालं तो निर्माता फ्रेड को, त्याचं नाव कुणी काढत नाही.

मिसिसिपीतल्या ॲलिगेटर नावाच्या गावात १९१४ ला जन्म (गावाचं नाव खरंच मगर आहे), येल विद्यापीठात नाटकाचं शिक्षण, मग हौशी रंगभूमी, १९४५ ला एनबीसी. ऑक्टोबर १९४८ पासून रविवारी रात्री तासाभराचं 'फिल्को टेलिव्हिजन प्लेहाउस'. दर आठवड्याला नवीन नाटक, लाइव्ह! आपल्याकडे एक नाटक उभं करायला दीड-दोन महिने तालमी लागतात आणि हा माणूस दर रविवारी शुभारंभाचा प्रयोग करत होता. माझ्या मते अमेरिकन टीव्हीवर लेखकाला मान मिळाला तो याच्यामुळे. बोला आता.

उंटावरून:
बोलतो. लाइव्ह ही कला नव्हती, नाइलाज होता. व्हिडिओटेप वापरात आली १९५६ ला, तोपर्यंत दुसरं करणार काय? नवीन लेखकांचंही तेच, गाजलेल्या नाटकांचे हक्क सिनेमा कंपन्यांकडे, ते टीव्हीला देणार नाहीत, मग हाताशी असलेल्या पोरांकडून लिहून घ्या. याला दूरदृष्टी म्हणायचं म्हणजे पाऊस पडला म्हणून छत्री उघडणाऱ्याला शोधक म्हणण्यासारखं आहे.

शिवाय आठवड्याला एक म्हणजे वर्षाला किती नाटकं झाली असतील, त्यातली आपण नावं घेतो चार-पाच. बाकीची रद्दीच असणार ना?

माजघर:
रद्दी असेलच की, पण मराठी रंगभूमीवर तरी दरवर्षी जेवढी नाटकं येतात त्यातली किती उरतात? तो निकष लावला तर कुणीच वाचणार नाही.

आणि नाइलाज सगळ्यांनाच होता हो. त्या नाइलाजातून हॉर्टन फूट, चायेफस्की, टॅड मोझेल, जे. पी. मिलर एकाच माणसाभोवती कसे जमले? लेखक त्याला 'पॅपी' म्हणायचे, म्हणजे बाबाच. हॉर्टन फूटचं 'द ट्रिप टू बाउंटिफुल' घ्या, मार्च १९५३, सूनबाईच्या तावडीतून निसटून आपल्या जुन्या गावी जायला निघालेली म्हातारी, बस. यात ना खून ना पिस्तूल, आणि मुख्य भूमिकेत लिलियन गिश, जी मूकपटांच्या जमान्यात स्टार होती. हे रविवारच्या प्राइम टाइमला लावायला छाती लागते, आणि ती निर्मात्याची असते, लेखकाची नाही. लेखक लिहून मोकळा होतो. पुढे १९८५ ला याच कथेवरच्या सिनेमाला जेराल्डिन पेजला ऑस्कर मिळालं.

कलाकंद:
'ट्वेल्व्ह अँग्री मेन' पण यांचंच ना? ज्यावरून आपला 'एक रुका हुआ फैसला' आला?

तिसरीघंटा:
नाही, ते सीबीएस या दुसऱ्या वाहिनीचं 'स्टुडिओ वन', सप्टेंबर १९५४. दुसरं दुकान. त्या काळात दोघांची चांगली चुरस होती.

उंटावरून:
छाती वगैरे ठीक आहे पण पैसा कुणाचा होता? फिल्को, म्हणजे रेडिओ आणि टीव्ही सेट विकणारी कंपनी. १९५१ पासून आलटून पालटून गुडइयर, म्हणजे टायर. टायरवाल्याच्या पैशावर तुम्ही किती क्रांती करणार? सीबीएसच्या 'प्लेहाउस ९०' या नाटकांच्या कार्यक्रमात १९५९ ला नाझींवरच्या न्यूरेम्बर्ग खटल्यावरचं नाटक झालं तेव्हा प्रायोजकांत गॅसवाले होते, तर गॅस चेंबरमधला 'गॅस' शब्द लाइव्ह चालू असताना गाळला, आवाजच बंद! ज्यूंच्या कत्तलीवरचं नाटक आणि 'गॅस' म्हणायचं नाही. हे तुमचं सुवर्णयुग.

माजघर:
ते नाटक फ्रेडचं नव्हतं, निर्माता वेगळा होता. पण मुद्दा मान्य, प्रायोजकाचा हात मानेवर असायचाच.

गच्चीवरचा:
मी स्वतः नेपथ्यात वीस वर्षं काढली म्हणून दुसरीच गोष्ट सांगतो, तुम्ही दोघं लेखक-प्रायोजक करत बसलात. लाइव्ह टीव्ही नाटकात तीन कॅमेरे, त्यांच्या जाड केबली जमिनीवर, सेट एकमेकांना चिकटून, आणि नट एका सेटवरून पळत दुसऱ्या सेटवर, अंगात एकावर एक कपडे घातलेले कारण बदलायला वेळच नाही. नाटकात वाक्य विसरलं तर समोरचा सावरून घेतो, विंगेतून प्रॉम्प्टर आहे, चारशे लोकांनी बघितलं आणि विसरले. इथे लाखो घरांत गेलं. यात जो माणूस दर आठवड्याला शांत डोक्याने उभा राहतो त्याला 'नाइलाज' म्हणू नका राव, आम्हाला वाईट वाटतं.

उंटावरून:
बरं, 'नाइलाज' मागे घेतो, 'कष्ट' म्हणतो. पण बघा, तोच माणूस १९५४ च्या सुमारास कंटाळून ब्रॉडवेकडे, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीकडे वळलाच. पुढे 'द मिरॅकल वर्कर'चं नाटक आणि सिनेमा दोन्ही त्याने केले. म्हणजे टीव्हीवर तोही खूश नव्हता.

तिसरीघंटा:
वळला, पण सोडलं नाही. ७ मार्च १९५५ ला मेरी मार्टिन या नटीचं 'पीटर पॅन' त्यानेच लाइव्ह आणलं, अंदाज साडेसहा कोटी प्रेक्षकांचा. इतकं गाजलं की लोकांना परत बघायचं होतं. आता रिपीट कसं लावणार, चांगलं रेकॉर्डिंगच नाही, तर जानेवारी १९५६ ला सगळ्या कलाकारांना बोलावून पुन्हा पहिल्यापासून लाइव्ह केलं! मला तर हे नाटकवाल्यांसारखंच वाटतं, लोकाग्रहास्तव पुन्हा प्रयोग.

कलाकंद:
मग आज बघायला काय मिळतं?

तिसरीघंटा:
किनेस्कोप. म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून काढलेली नक्कल. दोन्ही प्रयोग रंगीत झाले होते, उरलंय ते काळंपांढरं.

गच्चीवरचा:
हिरवा पीटर पॅन करडा. नेपथ्यवाल्याच्या जिवाला लागतं हे.