वय ५२ आणि पायाला पोलिओ, बायोडेटात काय लिहू आणि काय गाळू?

व्हर्नियरवाला_बडोदा

नमस्कार मंडळी. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत बरीच वर्षं क्वालिटीत होतो, इनवर्डपासून फायनल इन्स्पेक्शनपर्यंत सगळं केलंय, सीएमएम (पार्टची मापं घेणारं मशीन) पण चालवतो. डाव्या पायाला लहानपणापासून पोलिओ, कॅलिपर (आधाराची पट्टी) लावतो, अपंगत्वाचं सर्टिफिकेट ५० टक्क्यांचं आहे. शेठनी धंदा मुलाच्या हातात दिला, मुलाने युनिट सावली गावाकडे हलवलं आणि आम्हा जुन्या लोकांना घरी बसवलं.

तेव्हापासून इंटरव्ह्यू चालूच आहेत. फोनवर सगळं मस्त असतं, ड्रॉइंग वाचता का, गेज कोणते हाताळलेत, कधी जॉइन होता, आणि मग मी गेटातून चालत येताना दिसलो की सूर बदलतो. एका ठिकाणी म्हणे आमची इन्स्पेक्शन रूम पहिल्या मजल्यावर आहे, तुम्ही जिना कसा चढणार. मी जिना चढूनच त्यांच्या केबिनमध्ये बसलेलो होतो. दुसरीकडे एचआरची मुलगी गोड आवाजात "काका, हवे आराम करो ने", आता आराम करा म्हणे. मेल मात्र सगळ्यांचा एकच, आम्हाला ३५ च्या आतला माणूस पाहिजे.

दहावीचं साल आणि जन्मतारीख काढून टाकू का? पायाचं आधी सांगू की समोर गेल्यावर? आणि कायदा काही कामाचा आहे का? मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला आहे, आराम परवडत नाही.

गोत्रीवाली_एचआर

दादा, आतली गोष्ट सांगते. ३५ ची अट बहुतेक वेळा वयाची नसतेच, पगाराची असते. तुमच्या अनुभवाचा माणूस म्हणजे नव्या पोराच्या दुप्पट पगार असं गृहीत धरतात, विचारत पण नाहीत. दुसरं म्हणजे क्वालिटी मॅनेजर स्वतः ३८ चा असतो आणि त्याला आपल्यापेक्षा जास्त कळणारा माणूस हाताखाली नको असतो, हे कोणी लिहून देणार नाही. त्यामुळे अपेक्षित पगार पहिल्या फोनवरच स्वतःहून सांगून टाका. जन्मतारीख बिनधास्त काढा, पोर्टलवर वयाचा फिल्टर लावून बसणारे आम्हीच असतो. अनुभव शेवटच्या १५ वर्षांचाच लिहा.

पायाचं मात्र फोनवरच सांगा, एका वाक्यात, रडगाणं न लावता. "पायाला पोलिओ आहे, जिना चढतो, बारा तास उभं राहायचं काम नको, उंच स्टूल मिळालं की झालं." समोरच्याला नक्की काय द्यायचंय ते कळलं की तो निम्मा घाबरायचा थांबतो.

मांजलपूरकर

ताई तुमचं बरोबर पण मग जो फोनवरच कटवेल त्याचं काय, निदान समोर गेला तर चहा तरी मिळतो 😄 काका मी तर म्हणतो नोकरीचा नाद सोडा. जीआयडीसीत छोटे युनिटवाले ऑडिट आलं की धावपळ करतात, कॅलिब्रेशनचे रेकॉर्ड नाहीत, इन्स्पेक्शन रिपोर्ट नाहीत. चार युनिट धरा, आठवड्यातून एकेक दिवस. कायदाबियदा कागदावर असतो.

जुना_युनियनवाला

कागदावर असतो म्हणूनच तर कागद मागायचा असतो भाऊ.

व्हर्नियरवाला, नीट वाचा. दिव्यांगांसाठी २०१६ चा कायदा आहे, २०१७ च्या एप्रिलपासून लागू. त्यातलं ४ टक्के आरक्षण आणि नोकरीबद्दलचं कलम २० सरकारी आस्थापनांसाठी, त्याची आशा तुम्ही धरू नका. पण कलम ३ मध्ये अपंगत्वावरून भेदभाव करायचा नाही असं आहे, आणि कलम २१ खाजगी कंपनीला पण लागतं, समान संधी धोरण जाहीर करायचं. २० किंवा जास्त कामगार असतील तर त्या धोरणात कुठल्या जागा दिव्यांगांना चालतील, कोणत्या सोयी देणार, दिव्यांगांची भरती आणि सोयी बघणारा लायझन ऑफिसर कोण हे सगळं यायला पाहिजे. किती कंपन्यांनी केलंय ते सोडा, विचारायचा हक्क आहे ना. तक्रार राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे. ते शिफारस करतात, नोकरी हातात देत नाहीत, पण कंपनीला बोलावू शकतात, कागद मागू शकतात. दंड पहिल्यांदा १०,००० पर्यंत, नंतर ५०,००० ते ५ लाख.

आता वय. अमेरिकेत चाळिशीपुढच्यांसाठी १९६७ पासून वेगळा कायदा आहे, आपल्याकडे खाजगी नोकरीत वयावरून नाकारलं तर थेट धरेल असा कायदाच नाही. आता तुम्हीच बघा, तोंडी जिना निघाला आणि मेलमध्ये ३५ निघालं. जिन्याचं लिहून दिलं तर अडकतील, ३५ लिहून दिलं तर कोणी विचारत नाही. म्हणून जिन्याचं बोलणं झालं की त्याच संध्याकाळी मेल टाकायचा, "आज आपण जिन्याबद्दल विचारलंत, मी जिना चढून आलो होतो, कामात अडचण नाही, आणखी काही शंका असल्यास कळवावे." सभ्य भाषेत. उत्तर आलं नाही तरी तारखेसकट तुमच्याकडे राहतं.

आणि हे सगळं नंतर. आधी सांगा, जुन्या ठिकाणी राजीनाम्यावर सही घेतली का? ग्रॅच्युइटी मिळाली? २०२५ च्या नोव्हेंबरपर्यंतच्या जुन्या कायद्याने हिशोब असा, शेवटचा बेसिक आणि डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. ३० दिवसांत द्यायची असते. पीएफचं पेन्शन घाईत सुरू करू नका, पन्नाशीनंतर मिळतं पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितके ४-४ टक्के कापतात आणि ते कायमचे.

रावपुऱ्याची_मी

मला ऐकू कमी येतं, मशीन लावते, अकाउंट्समध्ये आहे. एका ठिकाणी मला विचारलं होतं की फोन कोण उचलेल, मी म्हटलं जो आत्ता उचलतो तोच. नोकरी मिळाली नाही ते वेगळं 😅

अपंगांसाठी सरकारी नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर असतात, पूर्वी व्हीआरसी म्हणायचे, तुम्हाला अहमदाबादचं, आपल्या बडोद्याचं खास महिलांसाठी आहे. तिथे नाव घालून ठेवा, फार अपेक्षा नको. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) पण काढून घ्या, सगळीकडे तेच मागतात. साठीनंतरच्यांसाठी सरकारचं सेक्रेड पोर्टल आहे २०२१ पासून, म्हणजे आपल्यासारख्या मधल्यांनी साठ होईपर्यंत थांबायचं!

एचआर ताईंशी एका बाबतीत पटत नाही. पगार आधीच कमी सांगायचा म्हणजे पोलिओची आणि वयाची सूट आपणच द्यायची. बाजारभाव सांगा, कमी नको.

गोत्रीवाली_एचआर

कमी नाही हो म्हटलं, आधी सांगा म्हटलं. पण मुद्दा कळला.

व्हर्नियरवाला_बडोदा

सगळ्यांचे आभार. मांजलपूरकर, दोन युनिटवाल्यांशी बोललोय, एकाला ऑडिट जवळच आलंय. युनियनवाले काका, राजीनाम्यावर सही घेतलीय, "फॉर्मॅलिटी आहे" म्हणून. ग्रॅच्युइटी अर्धी दिली, बाकीची दिवाळीला म्हणाले होते, दिवाळी होऊन गेली. राजीनामा दिला असला तरी बाकीची मागता येते का?

जुना_युनियनवाला

पाच वर्षं सलग झाली असतील तर राजीनामा दिला तरी पूर्ण मिळते, उशिराचं व्याज पण. आधी फॉर्म भरून कंपनीला द्या, पोच घ्या. नाही दिली तर ग्रॅच्युइटीचे दावे बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज, लेबर ऑफिसात चौकशी करा. अपॉइंटमेंट लेटर आणि शेवटच्या पगाराची स्लिप आहे ना घरात?

व्हर्नियरवाला_बडोदा

स्लिप आहे. लेटर शोधतो.