७ कालवडी एकदम माजावर आणायच्यात, इंजेक्शन की सीडर (योनीत ठेवायचं हार्मोनचं साधन)?

मोहोळचा_गोठा: नमस्कार मंडळी. ७ संकरित होल्स्टिन कालवडी आहेत, १६ ते १९ महिन्यांच्या. घरात आम्ही नवराबायको दोघंच, सकाळी डेअरीला दूध घालून आलो की ऊसाला पाणी द्यायला पळायचं, त्यामुळे माज कधी येतो नि कधी जातो कळतच नाही. आत्ता जानेवारी संपता संपता सगळ्या भरवल्या तर दिवाळीच्या सुमारास वितील असा हिशोब आहे. काय वापरलंत ते सांगा.

सांगोल्याचा_गडी: आधी वजन बघा ओ. मोठ्या गाईच्या वजनाच्या ६० ते ६५ टक्के पाहिजे, म्हणजे तुमच्याकडं गाई ४०० किलोच्या असतील तर कालवड निदान २४०-२६० ची. काटा नसंल तर पुढच्या पायामागून छातीचा घेर इंचात, तो गुणिले तोच, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ६६०. ५८ घेर ४८ लांबी म्हणजे २४५ किलो.

खिलार_वेडा: खिलार असती तर म्हटलं असतं अजून थांबा, आमची जात वयात यायलाच उशीर लावते 😄

बार्शीचा_पशुवैद्य: नुसतं पीजीचं (प्रोस्टाग्लँडिन हार्मोनचं) इंजेक्शन अंडाशयावर पिवळा पिंड (अंडं सुटल्यावर तिथं तयार होणारी गाठ) असेल तरच काम करतं, साधारण चक्राच्या ६ ते १६ दिवसांत, म्हणून ११ दिवसांच्या अंतरानं दोन देतात आणि मग २ ते ५ दिवसांत बहुतेकींचा माज दिसतो. पण तुम्हाला माज बघायलाच वेळ नाही, मग सीडर बरा. ७ दिवस योनीत ठेवायचा, काढताना पीजी. अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या कालवडींत हाच प्रकार चालतो, बसवताना जीएनआरएच (अंडं सोडवणाऱ्या हार्मोनचं इंजेक्शन), काढल्यावर साधारण ५४ तासांनी माज न बघता रेतन आणि त्याच वेळी परत जीएनआरएच. सीडरशिवाय नुसतं ओव्हसिंक (जीएनआरएच, पीजी, परत जीएनआरएच अशी इंजेक्शनं) मात्र गाईंना जमतं तेवढं कालवडींना जमत नाही. आणि पीजीला गरोदर बाईनं, दमा असलेल्यानं हात लावू नये, कातडीतून आत जातं.

माळशिरस_डेअरी: माझी चूक सांगतो. कालवड गाभण नाही असं धरून न तपासता पीजी टोचून घेतलं, शेजारचा वळू दोन महिन्यांपूर्वी दावं तोडून आला होता ते ध्यानातच नाही. चौथ्या दिवशी गोठ्यात गाभ पडलेला. आता तपासल्याशिवाय सुई नाही.

सांगोल्याचा_गडी: @मोहोळचा_गोठा जंताचं औषध आणि मिनरल मिक्सचर चालू आहे का? हाडं दिसणाऱ्या कालवडीला हार्मोन टोचणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मोहोळचा_गोठा: मिनरल मिक्सचर दिवाळीनंतर बंदच पडलंय, खोटं का बोला. बायकोचा शिवणकामाचा टेप घेऊन मोजल्या. ४ जणी २५० च्या वर, दोघी २१० च्या आत, सातवीनं टेपच चघळून टाकला. या चौघी आधी तपासून घेतो आणि मग सीडर, बाकीच्यांना खुराक. टेप नवा आणून द्यावा लागणार तो वेगळाच.