नाइट शिफ्टच्या आठवड्यात जेवण आणि चालणं कसं बसवायचं? मदत हवी आहे

नमस्कार. माझे मिस्टर नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कामाला आहेत, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. त्यांचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ आलंय, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालायला सांगितलंय. फर्स्ट शिफ्टला जमतं, संध्याकाळी दोघं गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जातो. अडतं ते नाइटला. सकाळी भुकेले येतात, खाऊन झोपतात ते थेट दुपारपर्यंत. मग चालायचं कधी, झोपेआधी की उठल्यावर? आणि रात्रीच्या डब्यात काय द्यावं? पोळी-भाजी जड होते म्हणतात, कॅन्टीनचा वडापाव मला नको वाटतो. सध्या मटकीची उसळ आणि ताक देतेय. सातपूर-अंबडला नाइट करणाऱ्या कुणाच्या घरी हे बसलं असेल तर तुमच्या वेळा सांगाल का? पावडरी, शेक सुचवू नका, प्लीज.