रोज तीच गाणी वाजवायची तर टूर कशाला? सेटलिस्टवर (कार्यक्रमातल्या गाण्यांच्या यादीवर) चर्चा

एडिसनकर (धागाकर्ता)

मी न्यू जर्सीत राहतो. रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचं गाव फ्रीहोल्ड आमच्यापासून गाडीने अर्धा-पाऊण तास. म्हणजे गाववालाच. पुढे जे लिहिलंय ते भक्ताने लिहिलंय, तेव्हा समतोल वगैरे शोधू नका.

माझं म्हणणं असं, की ज्या बँडच्या पोतडीत पन्नास वर्षांची गाणी आहेत, त्याने रोज रात्री तीच पंचवीस-तीस गाणी त्याच क्रमाने वाजवू नयेत. वाजवली तर मी त्याला आळस म्हणणार.

२०२३ची टूर घ्या. २०१७नंतर त्याचा ई स्ट्रीट बँड पहिल्यांदाच बाहेर पडला, १ फेब्रुवारीला टॅम्पापासून. पहिल्या काही कार्यक्रमांतच लोकांच्या लक्षात आलं की यादी जवळजवळ गोठलेली आहे. कुठे एखादं गाणं आत, एखादं बाहेर. सुरुवातीचा भाग ठरलेला, शेवट ठरलेला, 'लास्ट मॅन स्टँडिंग' या गाण्याच्या आधीचं बोलणंही ठरलेलं. आणि हे कोण करतंय? जो माणूस २००८-०९च्या सुमारास गर्दीतून पुठ्ठ्याच्या पाट्या गोळा करून स्टेजवर पसरायचा, त्यातली एक उचलून बँडला दाखवायचा आणि पुढच्या मिनिटाला सुरू व्हायचा, तो! जुलै २०१३मध्ये लाइपझिगला कुणीतरी पाटीवर चक बेरीचं 'यू नेव्हर कॅन टेल' मागितलं. त्याचा व्हिडिओ जरूर बघा. पट्टी कुठली इथूनच तयारी. स्प्रिंगस्टीन गुणगुणतो, पट्टी बदलून बघतो, ब्रासवाल्यांना तोंडाने तुकडा शिकवतो आणि भरलेल्या स्टेडियमसमोर गाणं उभं राहतं. त्या पाच-सात मिनिटांत ते कोसळूही शकलं असतं. मी पैसे मोजतो ते या 'कोसळू शकलं असतं'साठी.

बदलत्या यादीवर एक अख्खी संस्कृती उभी राहिली आहे. ग्रेटफुल डेड या बँडने १९८४पासून रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी प्रेक्षकांत वेगळी जागा ठेवली, कारण दोन रात्री सारख्या नसत. पर्ल जॅमने २००० सालच्या टूरचे ७२ कार्यक्रम अधिकृत अल्बम म्हणून बाजारात आणले. रोज तेच वाजवलं असतं तर ७२ कशाला, एक पुरला असता.

शिवाय पैशांचा भाग आहेच. २०२२मध्ये या टूरची तिकिटं विक्रीला आली तेव्हा मागणीप्रमाणे किंमत चढवायच्या पद्धतीमुळे काही तिकिटं चार-पाच हजार डॉलरवर गेली. 'बॅकस्ट्रीट्स' हे स्प्रिंगस्टीनचं फॅन-नियतकालिक ४३ वर्षं चालून फेब्रुवारी २०२३मध्ये बंद झालं. कारण तिकिटांचं होतं, सेटलिस्टचं नव्हे, हे मान्य. पण किंमत वाढवायची आणि अनिश्चितता काढून घ्यायची, हे दोन्ही एकाच टूरमध्ये झालं, याकडे मी डोळेझाक करणार नाही.

जनरल_स्टँडिंग

अहो एडिसनकर, तुम्ही शेजारी राहता म्हणून हे लाड सुचतात!

मी मुंबईची. यू-टू हा बँड आमच्याकडे पहिल्यांदा आला १५ डिसेंबर २०१९ला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. 'द जोशुआ ट्री' अल्बम १९८७चा. हिशोब तुम्हीच करा. त्या टूरमध्ये तो अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत क्रमाने वाजणार हे जगाला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि म्हणूनच मी गेले. त्या रात्री त्यांच्या गायकाला, बोनोला, लहर आली असती आणि 'विथ ऑर विदाउट यू'च्या जागी एखादं अडगळीतलं गाणं काढलं असतं, तर तुमच्यासारखे चार भक्त नाचले असते आणि आम्ही बाकीचे एकमेकांकडे बघत बसलो असतो. ए. आर. रहमानबरोबर 'अहिंसा' झालं ते वर मिळालं. तेवढा बदल मला भरपूर.

जो बँड तुमच्या शहरात आयुष्यात एकदा येतो, त्याची सेटलिस्ट कालच्यासारखी आहे की नाही याने काय फरक पडतो? माझ्यासाठी 'काल' नव्हताच.

कट्ट्यावरचा

१००+ जनरल_स्टँडिंग.

धागाकर्त्यांचा प्रश्न 'रोज तीच भाजी' असा आहे. उपाय: रोज जेवायला जाऊ नका.

पुणेरी_बेस

दोन्ही बाजू 'फॅन' हा शब्द सैल वापरताहेत. फॅनच्या हातात यादी दिली की काय होतं हे मेटालिका या बँडने २०१४मध्ये करून बघितलंय. 'बाय रिक्वेस्ट' टूर, दक्षिण अमेरिका आणि युरोप. तिकीट घेणाऱ्यांनी मतं द्यायची, जास्त मतांची गाणी वाजणार. निकाल काय लागला? जिकडेतिकडे 'मास्टर ऑफ पपेट्स', 'वन', 'एंटर सँडमन'. म्हणजे ते एरवीही जे वाजवतात तेच! दुर्मिळ गाणी हवीत असा आरडाओरडा करणारे मोजकेच असतात. त्यांचा आवाज मोठा, मतं कमी.

मग २०२३मध्ये त्यांनी उलटं केलं. एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमपासून एका शहरात दोन रात्री, आणि दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचं एकही गाणं नाही. ऐकायला स्वर्ग. पण एका रात्रीचा शेवट 'मास्टर ऑफ पपेट्स'ने आणि दुसऱ्या रात्रीचा 'एंटर सँडमन'ने. ज्याला एकच तिकीट परवडतं त्याने काय नाणं उडवायचं? एडिसनकर, तुम्ही किमतीबद्दल बोललात म्हणून विचारतो: बदलती सेटलिस्ट हेच दोन तिकिटं खपवायचं सगळ्यात सभ्य साधन नाही का?

(अवांतर: २८ ऑक्टोबर २०११ला गुडगावचा मेटालिकाचा कार्यक्रम रद्द झाला आणि दोन दिवसांनी बंगळूरला झाला. तेव्हा काय वाजवतील याची चिंता कुणालाच नव्हती. वाजवतील का, एवढाच प्रश्न होता.)

लाइटवाला

मी मोठ्या मैदानी कार्यक्रमांत लाइट्सचं काम करतो. 'आळस' शब्द वाचून राहवलं नाही.

स्टेजवर पाच-सहा माणसं दिसतात, मागे शंभरच्या वर असतात. आजच्या स्टेडियम शोमध्ये बरेचदा ड्रमरच्या कानात क्लिक (तालाची टिकटिक) असतो, त्याच धाग्यावर टाइमकोड (यंत्रांना वेळ सांगणारा सिग्नल) धावतो, आणि टाइमकोडवर लाइट्स, पडद्यावरचा व्हिडिओ, कधीकधी पायरोसुद्धा (आतषबाजी). एका गाण्याच्या कन्सोलवर दीड-दोनशे क्यू (लाइट बदलायच्या ठरलेल्या सूचना) सहज होतात. त्या रिहर्सलमध्ये रात्र रात्र जागून बसवलेल्या असतात. गिटार टेकचं, म्हणजे गिटारी लावून देणाऱ्याचं बघा: या गाण्याला ड्रॉप डी (जाड तार उतरवलेली), पुढच्याला अर्धा स्वर उतरवलेली, त्यापुढच्याला कॅपो (पट्टी चढवणारा चिमटा). गिटारी क्रमाने लावून ठेवलेल्या असतात. गायक मध्येच म्हणाला 'चला, दुसरंच घेऊ', की त्या पोराची धावपळ तुम्हाला दिसत नाही. पायरोच्या बाबतीत तर गायक कुठे उभा आहे हे माहीत नसणं परवडतच नाही.

आणि वेळ. आपल्याकडे उघड्यावर रात्री दहाला आवाज बंद. लंडनमध्येही वेळेचं बंधन असतं: जुलै २०१२मध्ये हाइड पार्कला तुमचे स्प्रिंगस्टीनसाहेब बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला घेऊन वेळेच्या पुढे गेले आणि माइक बंद केले गेले. मॅकार्टनीचे माइक! ठरलेली यादी म्हणजे ठरलेली वेळ.

आयर्न मेडनने १ फेब्रुवारी २००८ला वांद्रे-कुर्ला संकुलातून 'समव्हेअर बॅक इन टाइम' टूर सुरू केली. स्वतःच्या बोइंग ७५७मध्ये माणसं आणि सामान एकत्र, आणि गायकच पायलट. त्या विमानात जेवढं बसेल तेवढाच शो. त्यात रोज नवं गाणं कुठे घालणार? कुणी तक्रार केली नाही. तेरा मिनिटांचं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' ऐकून लोक घसा बसवून घरी गेले.

एडिसनकर

लाइटवाले, तुमचा मुद्दा खरा आहे. पण तो उलटाही वाचता येतो. फिश या बँडचा लाइट्सवाला ख्रिस कुरोडा वर्षानुवर्षं बँडबरोबर बसल्या जागी लाइट्स वाजवतो, कारण पुढे काय येणार हे तिथे कुणालाच नक्की ठाऊक नसतं. त्याच फिशने २०१७च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला १३ रात्री वाजवलं. एकही गाणं दुसऱ्यांदा नाही. एकूण २३७ गाणी! म्हणजे करता येतं. टाइमकोड आकाशातून पडलेला नाही. आधी व्हिडिओचा तमाशा विकत घ्यायचा, मग तमाशाने हात बांधले म्हणायचं.

पुणेरी_बेस, मतांचं ऐकून मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. मत मागितलं की लोक ओळखीचं नाव सांगणारच. मी मतदान मागत नाहीये. बँडने स्वतः ठरवावं, आणि उद्या वेगळं ठरवावं, एवढंच.

आणि जनरल_स्टँडिंग ताई, तुमच्यासारख्यांसाठी हिट्स ठेवा की! तीस गाण्यांत बारा हिट्स पक्के, उरलेली अठरा मोकळी. हिट्स काढा असं मी कुठे लिहिलंय?

तिसरी_रांग

२०२३च्या यादीची बाजू कुणीच घेत नाहीये, म्हणून मी घेते. मीही अमेरिकेत आहे, ती टूर पाहिली आहे.

ती गाणी गोठलेली नव्हती, ओवलेली होती. स्प्रिंगस्टीनच्या शाळकरी वयातल्या 'द कॅस्टिल्स' या बँडमधला जॉर्ज थाइस २०१८मध्ये गेला आणि त्या बँडमधला हा एकटाच उरला. 'लास्ट मॅन स्टँडिंग' त्यावर आहे. ई स्ट्रीटमधला डॅनी फेडेरिची २००८मध्ये गेला, क्लॅरेन्स क्लेमन्स २०११मध्ये. आता क्लॅरेन्सचा पुतण्या जेक तेच सॅक्सोफोन-तुकडे वाजवतो. शेवटी बँड निघून जातो आणि स्प्रिंगस्टीन एकटा गिटार घेऊन निरोपाचं गाणं म्हणतो. ७३ वर्षांचा माणूस अडीच-तीन तास एकच गोष्ट सांगतोय, की माणसं जातात. तिच्या मधोमध 'चला, आज कुणाची पाटी?' घुसवलं तर काय उरेल?

शिवाय शरीराचंही बघा. हेलसिंकीला जुलै २०१२मध्ये तो चार तास सहा मिनिटं वाजवत होता, तेव्हा बासष्टचा होता. सप्टेंबर २०२३मध्ये अल्सरने त्याला कार्यक्रम पुढे ढकलावे लागले. ठरलेल्या यादीत कुठे श्वास घ्यायचा हे गायकाला माहीत असतं.

भैरवी

मला रॉक फारसं कळत नाही, मुलामुळे ऐकते. पण तुम्ही सगळे यादीच मोजताय याची गंमत वाटली.

आमच्याकडे मैफलीत छापील यादी नसते. वेळ, ऋतू, साथीदार, समोर कोण बसलंय, हे बघून गवई राग ठरवतो. फर्माईश होते, तीही कधी मानतो, कधी हसून सोडून देतो. पण शेवट बहुतेक भैरवीच! तीच भैरवी, कित्येकदा तीच ठुमरी किंवा तेच भजन. 'पुन्हा तेच?' असं कुणी म्हणत नाही, कारण तेच असलं तरी कालचं नसतं. मुलाने मला बॉब डिलनबद्दल सांगितलं. २०२१पासूनच्या टूरमध्ये त्याची यादीही जवळजवळ पक्की होती म्हणे, पण गाण्याची चाल, लय, शब्दांवरचा जोर इतका हललेला की ओळखायला अर्धं कडवं जावं लागे. उलट एखादा बँड रोज नवं गाणं काढेल आणि ते रेकॉर्डवर आहे तसंच, सुराला सूर लावून वाजवेल. मग बदललं काय, पाटीवरचं नाव?

पुणेरी_बेस

भैरवी ताई, हा प्रतिसाद धाग्याच्या वर लावायला हवा. ग्रेटफुल डेडवाल्यांचंही तेच. त्यांचं 'डार्क स्टार' हे गाणं रेकॉर्डवर तीन मिनिटांपेक्षा कमी, स्टेजवर वीस-वीस मिनिटं. तिथे यादीपेक्षा गाण्याचं पोटच रोज बदलत होतं.

एडिसनकर

भैरवी ताई, मान्य, पण पूर्ण नाही. स्टेडियम-रॉकमध्ये गाण्याचं पोट बदलायला जागा फार कमी ठेवलेली असते. पन्नास हजार लोक बरोबर गातात, त्यांना चाल हलवलेली चालत नाही. डिलन ते करू शकतो कारण त्याचे श्रोते त्याला सवयीने माफ करतात. बाकीच्यांकडे बदलायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे यादी. म्हणून मी तिच्यावर अडून बसलोय.

तिसरी_रांग, तुमची गोष्ट मला पटते आणि तरी टोचते. एखाद्या रात्री त्याला जॉर्ज थाइसऐवजी दुसऱ्या कुणाची आठवण आली, तर तिला त्या यादीत जागा नव्हती. १५ सप्टेंबर २०२४ला आमच्या ॲस्बरी पार्क समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत त्याने पहिल्या दोन अल्बममधली इतकी गाणी काढली की आमच्याकडची अर्धी जनता वेडी झाली. पंच्याहत्तरीला आठवडा उरलेला माणूस! श्वास तेव्हाही घेतलाच ना?

लाइटवाला

ॲस्बरी पार्क एका रात्रीचा कार्यक्रम. एका रात्रीसाठी आम्हीही उभं राहू हो, टूरचं बोला.

खरं सांगायचं तर मधला रस्ता रोज वापरात आहे. यादीत दोन-तीन जागा मोकळ्या सोडतात. तिथे टाइमकोड नाही, व्हिडिओ साधा, लाइट्स आम्ही बस्किंगने चालवतो, म्हणजे समोर जे वाजेल ते ऐकत हाताने. बऱ्याच ऑपरेटरांना तीच दहा मिनिटं सगळ्यात आवडतात. मलाही.

एडिसनकर

दोन-तीन जागा म्हणजे भिक्षा झाली. पण तुम्हालाही तीच दहा मिनिटं आवडतात हे लिहिलंत, ते मी जपून ठेवतो.

जनरल_स्टँडिंग

एक विचारू? तुम्ही सगळे जायच्या आधी सेटलिस्ट डॉट एफएम ही कार्यक्रमांच्या याद्या देणारी साइट उघडून बघता ना? मी नाही बघत. मला प्रत्येक गाणं अचानकच येतं, यादी गोठलेली असो नाहीतर वितळलेली.

एडिसनकर

बघतो, रोज रात्री. टूर दुसऱ्या खंडात असली तरी.

कट्ट्यावरचा

मीही बघतो. नवीन अल्बमची गाणी कुठे येतात ते कळलं की बिअरच्या रांगेत कधी उभं राहायचं ते ठरवता येतं. यादी रोज बदलायला लागली तर माझी पंचाईत आहे.