रोग, आजार, दुखणं, बिमारी : एकच की वेगवेगळे?

महालकर :
हे चार शब्द आपण दिवसभर वापरतो आणि विचारलं की बहुतेक जण म्हणतात अर्थ एकच. मला ते पटत नाही. एकच असता तर कुठंही कुठलाही चालला असता ना. “मला सर्दीचा रोग झालाय” असं कोणी म्हणून बघा, समोरचा दोन पावलं मागं सरकेल. “दुखणं अंगावर काढलं” म्हणतात, “ताप अंगावर काढला” म्हणतात, रोग कोणी अंगावर काढत नाही, रोग जडतो.

माझं म्हणणं असं की रोग म्हणजे शरीरात झालेला बिघाड, तो माणसाला कळो की न कळो, आणि आजार म्हणजे ज्याला तो भोगावा लागतो त्याचं भोगणं. बीपीचंच घ्या. वरचा आकडा १६०, खालचा १००, पण माणूस सकाळी फुटाळा तलावावर फिरून राहिला, तर्री-पोहे खाऊन ऑफिसला जाऊन राहिला, कित्येक वर्षं त्याला काहीच जाणवत नाही. याला रोग आहे पण हा आजारी नाही, आणि म्हणूनच गोळी घेत नाही, कारण आपल्या डोक्यात औषध हे आजारी माणसासाठी असतं. उलट चिकनगुनिया बघा, २००६ साली आपल्याकडं साथ आली होती तेव्हा घरोघरी लोक पाहिले आहेत, विषाणू रक्तातून आठवड्याभरात जातो पण सांधे महिनोन् महिने धरलेले, सकाळी बादली उचलता येत नाही, चहाचा कप दोन हातांनी धरायचा. तिथं रोग निघून गेला आणि आजार मागं राहिला.

शब्दांची मुळंही तेच सांगतात. रोग हा रुज् या धातूपासून, म्हणजे मोडणं, आणि रुग्ण म्हणजे मुळात मोडलेला. आजार फारसीतून आला, तिथं त्याचा अर्थ पीडा, छळ. बिमारीसुद्धा फारसीच, आपल्याकडं हिंदीतून येऊन घट्ट बसली, पुण्याकडं तिला हिंदी म्हणतात पण नागपुरात ती मराठीच आहे. दुखणं तेवढं पूर्ण घरचं, त्यात दुखतं हे आधीच सांगून झालेलं आहे.

आयुर्वेदाचा विद्यार्थी :
काका, चरकसंहितेच्या निदानस्थानात सुरुवातीलाच यादी आहे, व्याधी, आमय, गद, आतंक, यक्ष्मा, ज्वर, विकार, रोग, आणि पुढं स्पष्ट म्हटलंय की यांचा अर्थ वेगळा नाही. म्हणजे तुमचं म्हणणं निदान तिथं तरी लागू होत नाही. पण गंमत अशी की त्याच यादीतला ज्वर पुढं फक्त तापासाठी उरला आणि यक्ष्मा फक्त क्षयासाठी, म्हणजे वापरता वापरता लोकांनीच वाटण्या केल्या.

आणि रोगाची व्याख्या विचाराल तर अष्टांगहृदयात दोन शब्दांत आहे, “रोगस्तु दोषवैषम्यम्”, वात, पित्त, कफ या दोषांचं प्रमाण बिघडलं की रोग. सुश्रुत मात्र दुःखाकडून येतो, ज्याच्या संयोगानं दुःख होतं ती व्याधी, आणि तो चार प्रकार करतो : आगंतू म्हणजे बाहेरून मार लागून वगैरे, शारीर, मानस आणि चौथा स्वाभाविक, ज्यात भूक, तहान, झोप, म्हातारपण आणि मृत्यूसुद्धा येतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वर्गात बराच वेळ त्याच पानावर थांबलो होतो, भुकेला व्याधी म्हणणारा माणूस रोगाकडं किती मोठ्या नजरेनं बघत असेल.

महालकर :
वा, हे छान दिलंस बेटा. म्हणजे दोषांकडून बघणारा आणि दुःखाकडून बघणारा असे दोन रस्ते तेव्हापासूनच आहेत, शब्दांच्या वाटण्या नंतर झाल्या एवढंच. व्याधी आता बोलण्यात उरली ती मूळव्याधीपुरती, आणि विकार दवाखान्याच्या पाटीवर, त्वचाविकार, मूत्रविकार, घरात कोणी “मला विकार झालाय” म्हणत नाही.

आता क्रियापदं बघा, मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे. आपल्याकडं बहुतेक दुखण्यांचं स्वतःचं क्रियापद आहे. ताप येतो किंवा भरतो. खोकला लागतो, हगवण लागते. गोवर निघतो. कांजिण्या येतात, देवी यायच्या (१९८० मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं पण शब्द राहिला, आणि येणं-जाणं पाहुण्यासारखं कारण देवीच ती). लकवा मारतो. फिट येते. डोळे येतात, तोंड येतं, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं मुश्कील, डोळे तर आधीपासून होतेच मग आले कुठून. आणि कॅन्सर, शुगर, टीबी यांना नुसतं होणं. त्यांना आपण अजून घरचं क्रियापद दिलेलं नाही.

नावंही कशावरून पडली ते बघण्यासारखं आहे. हिवतापात हीव भरतं, हाडमोड्या ताप म्हणजे डेंगू, त्यात अंग मोडून येतं, हत्तीरोगात पाय सुजतो, भंडारा-गडचिरोलीकडं तो अजून दिसतो. मुदतीचा ताप म्हणजे टायफॉइड, कारण औषधं नव्हती तेव्हा तो तीन-चार आठवड्यांची मुदत पूर्ण करूनच उतरायचा. एकाही नावात जंतू नाही, सगळी बघणाऱ्यानं आणि भोगणाऱ्यानं ठेवलेली.

कळमेश्वरकर :
भाऊ, झाडाचं राह्यलं. संत्र्यावर रोगच येते, डिंक्या आला, कोळशी आली, पण झाड आजारी हाय असं आमी नाई म्हनत. बैल मात्र बिमार पडते. लाळ्या-खुरकुत झाली की तो खात नाई, मान टाकून उभा राह्यते, अन् आपल्याकडं पाह्यते. तवा मले वाटते तुमचं ते भोगनं-बिगनं बरोबर हाय, ज्याच्या डोयात दिसते त्याले आजार अन् ज्याच्या पानावर दिसते त्याले रोग.

महालकर :
दादा, हे मला सुचलंच नव्हतं आणि याच्याइतकं नेमकं मी लिहू शकलो नसतो.

आयुर्वेदाचा विद्यार्थी :
पण मग प्रकार कसे पाडायचे? पुस्तकात संसर्गजन्य, असंसर्गजन्य, आनुवंशिक असं येतं आणि परीक्षेत तेवढंच विचारतात.

महालकर :
कारणावरून पाडतात ते. जंतूमुळं होणारे, त्यात एकापासून दुसऱ्याला लागणारे आणि न लागणारेही आले, धनुर्वात जंतूमुळंच होतो पण तो माणसापासून माणसाला लागत नाही. काहीतरी कमी पडल्यामुळं होणारे, रातांधळेपणा, मुडदूस. कामामुळं होणारे, आपल्या नागपुरात १८७७ पासून एम्प्रेस मिल चालली, सूतगिरणीच्या धुळीनं छाती भरून येण्याचा रोग जगभरच्या गिरण्यांत होता आणि त्याची खूण अशी की सुटीनंतर कामावर आलं की त्या दिवशी जास्त त्रास. उमरेड-सावनेरकडं कोळशाच्या खाणी, तिथं फुप्फुसात धूळ बसण्याचा धोका. मग आई-बापाकडून येणारे, शरीर स्वतःवरच उलटतं ते, आणि बीपी-शुगर ज्यांना जीवनशैलीचे आजार म्हणतात. हा शेवटचा शब्द मला खटकतो कारण त्यात सगळा दोष माणसाच्या माथी मारलाय, रात्रपाळी करणारा वॉचमन कुठली शैली निवडतो?

बाकी कप्पे पक्के नाहीत. कावीळ तर कुठल्याच कप्प्यात बसत नाही, कारण कावीळ हा रोगच नाही, लक्षण आहे. डोळे पिवळे होतात ते रक्तात बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य वाढल्यामुळं, आणि ते खराब पाण्यातल्या विषाणूनं वाढेल, पित्ताच्या खड्यानं वाढेल, मलेरियानंही वाढेल.

नर्सताई :
आणि सिकलसेलनंही, हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा रोग. इथं मला बोललंच पाहिजे कारण मी हे रोज बघते. पोराचे डोळे पिवळे दिसले की घरचे म्हणतात कावीळ झाली, मग झाडपाल्याचं औषध, गळ्यात माळ, तेलकट बंद, उसाचा रस, आणि महिना-दोन महिने त्यात जातात. पोरगं मात्र हातपाय दुखतात म्हणून रडत असतं, लहान बाळ असेल तर हाताची बोटं-पंजे सुजलेले असतात. साधी लाल पेशी १२० दिवस टिकते, सिकलसेलवाल्याची १० ते २० दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. पेशी विळ्यासारखी वाकडी होऊन बारीक नळीत अडकते म्हणून ते दुखणं. मे महिन्यात अंगातलं पाणी कमी झालं की आमच्याकडं असे पेशंट वाढतात, थंडीतही वाढतात.

पण मला शब्दाबद्दल बोलायचंय. महालकर काका, तुम्ही रोग आणि आजार म्हणता, आमच्याकडं तिसराच माणूस असतो, त्याला रोगही नाही आणि आजारही नाही. आई-बापापैकी एकाकडूनच ते जनुक आलेलं, एएस म्हणतात. तो धडधाकट असतो, शेतात राबतो, पोलीस भरतीत पळतो. सरकारी कागदावर त्याला “वाहक” लिहितात. आता वाहक म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काय येतं? एसटीतला तिकीट फाडणारा. नाहीतर आरोग्य खात्याचं पोस्टर, “डास हा डेंगूचा वाहक आहे”. म्हणून पोरगी रडत विचारते, सिस्टर, माझ्यापासून घरात सगळ्यांना लागेल का? ताट वेगळं ठेवू का? एका घरी खरंच ठेवलं होतं, पितळेची थाळी आणि पेला, खिडकीत पालथा.

महालकर :
ताई, हे वाचून मला काही सुचेना. मग तुम्ही कोणता शब्द वापरता?

नर्सताई :
मी वाहक म्हणतच नाही. मी म्हणते, “तू एएस आहेस, तू बिमार नाहीस, होणारही नाहीस, हे तुझ्यापासून कोणाला लागत नाही, फक्त लग्नाच्या आधी समोरच्याची तपासणी बघायची.” वस्तीत रुळलेला शब्द आहे “एएस पॅटर्न”, वस्तीतल्या बायका आपसात तसंच बोलतात, “माझा एएस, माझ्या बहिणीचा एए”, एए म्हणजे ते जनुक अजिबात नाही, आणि त्यात काही कमीपणा वाटत नाही, रक्तगट सांगावा तसं सांगतात. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस, म्हणजे दोघांकडूनही ते जनुक आलेलं आणि सिकलसेल असलेलं, होण्याची शक्यता २५ टक्के. ही शक्यता प्रत्येक वेळी नवीन, पहिलं एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नाही, हे समजावण्यात माझा अर्धा तास जातो.

आणि रोगी हा शब्द तर आम्ही वॉर्डात बंदच केलाय, रुग्ण किंवा पेशंट. महारोगी, म्हणजे कुष्ठरोग झालेला, या शब्दाचं काय झालं बघितलंत ना. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ पासून आणि पुढं वरोऱ्याला आनंदवनात ज्यांनी आयुष्य दिलं त्यांच्या संस्थांच्या नावात तो शब्द आहे कारण तेव्हा तोच होता, त्यात कुचेष्टा नव्हती. पण बाहेर लोकांनी त्याची शिवी केली. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेऊन बऱ्या झालेल्या माणसाला, ज्याच्यापासून आता कोणालाच काही होत नाही, त्यालाही लोक महारोगीच म्हणत राहिले. सिकलसेलच्या पोरांचं तसं मला होऊ द्यायचं नाही.

कळमेश्वरकर :
सिस्टर, आमच्या पुतनीचं जमून राह्यलं. ही तपासनी कुठं होते? लय पैसे लागतात का?

नर्सताई :
भाऊ, तुमच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. आधी बोटातून थेंबभर रक्त घेऊन साधी तपासणी करतात, तिला सोल्युबिलिटी म्हणतात, ती पॉझिटिव्ह आली तरी लगेच घाबरायचं नाही, कारण त्यात एएस आणि एसएस वेगळे कळत नाहीत. दुसरी तपासणी इलेक्ट्रोफोरेसिसची, ती झाली की पक्कं कळतं. पोरीची करा आणि पोराचीही करा, आणि साखरपुड्याच्या आधी करा.