मालवणला खोल समुद्रात गळाने मासे गरवायचेत, १५ हजारांत रॉड-रील सुचवा

गळेकर: मंडळी, आजवर धरणावर आणि खाडीत गरवलंय. नोव्हेंबरात मालवणहून होडीने खोल पाण्यात जातोय. सुरमई, कोकर मिळाली तरी खूश, कुपा (ट्यूना) लागला तर काय बोलायलाच नको. रॉड, रील, लाइन सगळं मिळून १५ हजार, वर एक रुपया नाही. मी डावखुरा आहे.

पॉपरबहाद्दर: शिमानो स्टेला रील. एकदाच घ्यायचं. अंदमानात मोठी कोकर त्यावरच काढली, नंतर हात वर होत नव्हता. फोटो टाकतो.

गळेकर: दादा, १५ हजार म्हटलं.

पॉपरबहाद्दर: मग थांब, पैसे साठव.

देवबागकार: आमचो आजो नुसती दोरी धरून मोडुसो मासो ओढी. बोटांक सायकलच्या ट्यूबीचे तुकडे, झाला काम. पंधरा हजारांची इसवण, तुमची सुरमई, बाजारात घेतलंस तर वरसभर खातलंस.

खारेवारे: पेन स्पिनफिशर रील घ्या. सीलबंद आहे, माझं लाटेखाली गेलं तरी चालतंय. बजेट थोडं वाढवा.

वसईवाला: मी स्वस्तातलं घेतलं होतं, ब्रँड सांगत नाही. कुप्याने पहिली धाव घेतली आणि ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, अडकला. फाटकन लाइन तुटली, तांडेलसुद्धा दचकला. कुठलंही घ्या, पण दुकानातच लाइन ओढून ड्रॅग झटके न देता सुटतो का बघा.

खारेवारे: +१. म्हणूनच पेन.

निवृत्त_इंजिनिअर: ड्रॅग लावायचा किती, ते कोणी सांगत नाही. लाइनच्या ताकदीचा पाव ते तिसरा हिस्सा. ५० पौंडी ब्रेडेड (विणलेली) लाइन म्हणजे साधारण २२ किलो, तर ड्रॅग ६-७ किलो. अंदाजपंचे नको, रद्दीवाल्याचा लटकता काटा बांधून ओढा. ब्रेडेड थेट स्पूलवर, म्हणजे रीलच्या फिरकीवर, भरू नका, ताण आला की सगळी गुंडाळी जागच्या जागी फिरते. खाली थोडं नायलॉन घ्या. पुढे ८० पौंडी लीडर (टोकाकडचा जाड तुकडा), एफजी गाठीने, ती ब्रेडेडला लीडर जोडायचीच गाठ. सुरमईसाठी टोकाला वीतभर तार हवीच, नाहीतर कापून नेते.

पॉपरबहाद्दर: तार दिसली की मासा बिचकतो.

वसईवाला: मग दर सुरमईमागे एक जिग (धातूचं खोटं आमिष) दान करा.

देवबागकार: आणि कुपो खाता कोण? नुसता रगात.

खारेवारे: होडीवरच रक्त काढून लगेच बर्फात टाका, मग बोला.

देवबागकार: बर्फ घालून कुपो पापलेट होता काय?

निवृत्त_इंजिनिअर: विषय रीलचा आहे. घरी आल्यावर गोड्या पाण्याने हलकेच धुवा. जोराच्या फवाऱ्याने खार आत जातो. आणि ड्रॅग सैल करून ठेवा.

गळेकर: सगळ्यांचे आभार. ठरलं. ओळखीच्याकडून जुनं ओव्हरहेड (रॉडच्या वर बसणारं) रील ४ हजारांत घेतलं. हँडल उजवीकडे, रॉड डाव्या हातात, मला बरोबर बसतंय. उरलेल्यात आखूड दणकट रॉड, लाइन आणि तार.

पॉपरबहाद्दर: ओव्हरहेडने पॉपर (पाण्यावर तरंगणारं खोटं आमिष) फेकणार कसा?? इतकं सांगून...

गळेकर: फेकणारच नाही. होडीमागून लूर (खोटं आमिष) ओढत नेणार.

देवबागकार: होडी कोणाची ठरवलंस? दिवसभर फिरवलंस तर डिझेलचे पैशे येगळे घेतलो हां.